महाप्रसादातला एक वाटा बांधकामावरच्या लेकरांना : इंदूरमधल्या मराठी संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
इंदूरमधली मराठी मंडळं, मंदिरं आणि अन्नदान समित्या यांचे विश्वस्त व कार्यकर्ते यांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या इंदुरात अन्नदानाला माणसं कमी पडत नाहीत. रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर. गणपतीत, दत्तजयंतीला, गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला पत्रावळी मांडल्या की वाढायला तरुण पोरं आपणहून पुढे येतात. वर्गणीला गेलेल्यांना कुणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. पैसे नसले तर तेलाचा डबा मिळतो, गव्हाचं पोतं मिळतं. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, बायपासवरून भर उन्हात गावाकडे निघालेल्या मजुरांना या शहराने पोळ्या दिल्या, पाणी दिलं, पायात चपला दिल्या. त्यात तुमच्यापैकी अनेकांचे हात होते.

म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. सरकारकडे जे मागायचं ते मागत राहूच, त्याबद्दलही पुढे लिहिते. पण तुमच्याकडे माझं मागणं सरळ आहे. अन्नदानावर वर्षभरात जो खर्च होतो, त्यातला एक वाटा बांधकाम मजुरांच्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बाजूला काढा आणि त्यातून पाळणाघरं चालवा. पंगत वाढवू नका, पाळणाघर उघडा. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते.

मी पोषण पुनर्वास केंद्रात आहार प्रशिक्षिका होते. अतिकुपोषित मुलांना आईसह साधारण चौदा दिवस जिथे दाखल करून घेतात, ते हे केंद्र. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावतात; घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टीचा लाल भाग दिसतो. अशा मुलाला एकदम ताटभर जेवण देता येत नाही. त्याचं शरीर ते पेलू शकत नाही, जिवावर बेतू शकतं. सुरुवातीला दूध, साखर, तेल आणि मुरमुऱ्याची पूड यांचं पातळ मिश्रण, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजून. मूल सावरलं की मग घट्ट खुराक. माझं काम ते मिश्रण करायचं, आयांना करायला शिकवायचं आणि वाटी-चमच्याने भरवायचं कसं ते दाखवायचं.

एका मुलीचं सांगते. वय चौदा महिने, वजन पाच किलो चारशे ग्रॅम. पायांची कातडी सैल, चेहरा म्हातारीसारखा, आणि रडणंसुद्धा नाही. आईवडील आलिराजपूरकडचे, एका मोठ्या इमारतीच्या कामावर. आईला मी नेहमीचा प्रश्न विचारला, दिवसातून किती वेळा भरवतेस? तिने काही उत्तर न देता दोन्ही हात वर करून डोक्यावर घमेलं धरल्यासारखे धरले. मग म्हणाली, "हाथ किधर है, मैडम?"

तिच्या झोपडीत पीठ होतं. सकाळी सहाला उठून ती मक्याच्या रोट्या भाजत होती, मिरचीची चटणी वाटत होती, नवऱ्याचा डबा भरत होती. आठला कामावर. मुलीला सांभाळायला सात वर्षांची मोठी बहीण. धाकटीच्या हातात रोटीचा तुकडा द्यायचा, रडली की पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट फोडायचं, एवढंच त्या सात वर्षांच्या पोरीला जमण्यासारखं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आई अंगावर पाजून जायची. मग थेट संध्याकाळ. चौदा महिन्यांच्या मुलीला चार दात. कडक रोटी ती चोखत बसायची आणि पोट भरायच्या आधी थकून झोपायची. वर टाकीचं पाणी प्यायचं, त्यातून जुलाब. जुलाबात खाल्लेलं निघून जातं, भूक मरते, अशक्त मुलाला पुन्हा जुलाब होतात.

भुकेबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर रिकामं मडकं येतं. काही घरांत ते खरंही असतं. पण इंदूरच्या बांधकामांवरून आलेल्या ज्या आया मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींकडे धान्य होतं, घास भरवायला मोकळा हात नव्हता. दोन वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा आहे. त्याचं पोट मोठ्या वाटीएवढं. त्यात एका वेळी मावणार किती? आईचं दूध चालू असतानासुद्धा नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा मऊ, घट्ट, वरून तेल किंवा तूप घातलेलं अन्न त्याला लागतं, आणि मधल्या वेळी एक-दोनदा काहीतरी. आपल्या घरात हे आपसूक होतं, कारण आजी असते, मावशी असते, चिऊचा घास आणि काऊचा घास करत तासभर मागे फिरायला कुणीतरी असतं. तिथे तो तास कुणाकडेच नाही. आई तो तास काढायला गेली तर हजेरी बुडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) मध्य प्रदेशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.७ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली, १९ टक्के मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ७२.७ टक्के. आधीच्या फेरीपेक्षा उंची-वजनाचे आकडे सुधारले आहेत, हे मान्य करायलाच हवं. रक्तक्षय मात्र वाढला. त्याच पाहणीतला देशाचा एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं फक्त ११ टक्के. म्हणजे हा प्रश्न फक्त मजुरांचा नाही, खात्यापित्या घरांतही आहे. पण खात्यापित्या घरातलं मूल बिस्किटांवर वाढलं तरी निभावतं. झोपडीतलं मूल त्याच वयात एका जुलाबाने लाल पट्टीत जातं, आणि पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची, मागे पडलेला मेंदू नंतर फारसा भरून निघत नाही.

आता महाप्रसाद डोळ्यांसमोर आणा. वर्षातून चार दिवस, दुपारी बारा ते तीन, पुरी, भाजी, शिरा, मसालेभात. मजूर आले तर पोटभर जेवतात, मोठी मुलंही जेवतात. आई त्या दिवशी कामावर असेल तर येऊच शकत नाही. आली तर कडेवरचं मूल चार घास खातं, तिखट लागलं की तोंड फिरवतं. दीनदयाल रसोई या सरकारी योजनेतली पाच रुपयांची थाळीही मोठ्या माणसाची. हे सगळं चालूच राहावं. पण ज्या वयात भूक कायमची इजा करते, त्या वयाचं मूल यातल्या कुठल्याच पंक्तीला बसत नाही.

मग अंगणवाडी? अंगणवाडीचं काम मी जवळून पाहिलं आहे आणि त्या बायकांबद्दल मला आदर आहे. १९७५ पासून ही योजना चालली आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पूरक आहाराचा हक्क दिला. तेव्हा ठरलेलं प्रमाण: रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, कुपोषित मुलाला ८०० उष्मांक. त्यासाठी २०१७ मध्ये केंद्राने ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये, अतिकुपोषितासाठी १२ रुपये. छप्पन दुकानात पोह्यांची एक प्लेट कितीला येते, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीत जेवण नसतं, घरी न्यायची पाकिटं असतात. ती शिजवून भरवायला पुन्हा हात लागतो. तीन ते सहाची मुलं अंगणवाडीत जेवतात, पण ती दुपारी बंद होते आणि आई सुटते संध्याकाळी.

त्यातही आधी यादीत नाव हवं. झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानीकडची ही भिल्ल, भिलाला कुटुंबं दिवाळीनंतर शहरात येतात, होळीच्या आधी भगोरियाच्या जत्रेला गावी जातात, पुन्हा येतात, पावसाला पेरणीसाठी परततात. गावच्या अंगणवाडीच्या दप्तरात मूल "बाहेरगावी". इथल्या अंगणवाडीच्या सर्वेक्षणात ठरलेल्या गल्ल्या असतात, पत्र्याच्या कुंपणाआडची वस्ती त्यात येतेच असं नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी अ‍ॅपवर नाव एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवण्याची सोय आहे, पण ती वापरायला सेविकेला मूल दिसलं तर पाहिजे. रेशनचंही तसंच. एक देश एक रेशनकार्ड योजनेत मध्य प्रदेश जानेवारी २०२० पासून आहे, गावचं धान्य इथे उचलता येतं. माणशी महिन्याला पाच किलो, तेही समग्र आयडीत, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणीत, आणि कार्डावर नाव असलं तर. नुकतं जन्मलेलं मूल बहुतेक वेळा कार्डावर नसतं. आणि जे मिळतं ते गहू-तांदूळ. डाळ आणि तेल, ज्यांनी लहान मूल अंग धरतं, ते विकत घ्यायचं.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. पंधराव्या दिवशी ती सहा किलो दोनशे ग्रॅम झाली, चमचा दिसला की तोंड उघडायला लागली, माझ्या बांगड्या ओढायला लागली. घरी सोडताना आईला खिचडी दाखवली, जुलाबात झिंक किती दिवस द्यायचं ते सांगितलं, पुढच्या तपासणीच्या तारखा दिल्या. पहिल्या तपासणीला ती आली, वजन टिकून होतं. दुसऱ्या तपासणीला आली नाही. साइटवर माणूस पाठवला तर काम संपलं होतं, ठेकेदाराने माणसं दुसरीकडे नेली होती. कुठे, ते चौकीदाराला माहीत नव्हतं. आम्ही चौदा दिवस तिला जे दिलं, ते चालू ठेवणारं पंधराव्या दिवसापासून कुणीच नव्हतं. यात केंद्राचा दोष काढता येणार नाही, आईचा तर नाहीच.

हे चालू ठेवणारी जागा म्हणजे पाळणाघर. ही काही नवी कल्पना नव्हे. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामावरच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केलं. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस हेच काम करते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने खेड्यापाड्यांत फुलवाऱ्या चालवल्या: सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गावातल्याच बाया सांभाळणार, दिवसातून तीनदा खायला, तेल घातलेली खिचडी, सातू, अंडं. मोठी बहीण मोकळी होऊन शाळेत गेली, हा त्यातला आणखी एक फायदा.

लागतं काय? साइटवर किंवा शेजारी एक हवेशीर खोली, स्वच्छ पाणी, गॅस, चटया, झोळ्या. दहा-बारा मुलांमागे दोन बाया, शक्यतो त्याच वस्तीतल्या, ज्यांना मुलांची बोली येते. त्यांना वेळच्या वेळी पगार. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, कारण आईची वेळ ती आहे. दहा ते एक चालणाऱ्या पाळणाघराचा तिला उपयोग नाही. मऊ मुगाची खिचडी, मक्याची राबडी, शेंगदाण्याचं कूट, गूळ, उकडलेला बटाटा, केळं, आणि प्रत्येक वाटीत चमचाभर तेल. महिन्यातून एकदा वजन. आईला दिवसातून दोनदा येऊन अंगावर पाजायची मुभा, तीही हजेरी न कापता. साइट हलली की पाळणाघराने मुलाचं कार्ड आईच्या हातात द्यावं आणि जिथे ती जाईल तिथल्या अंगणवाडीला फोन करावा. पूर्वी खंडाळ्याला, महूला गेलेल्या नातेवाइकांचे पत्ते आपण जपून ठेवत असू, तेवढंच हे काम आहे.

अंड्याचा विषय टाळून मला पुढे जाता येणार नाही. आपल्या अनेक संस्थांच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, आणि देवस्थानाच्या मुदपाकखान्याचे नियम मोडा असं मी म्हणत नाही. पण भिल्ल घरात अंडं वर्ज्य नाही, झाबुआचा कडकनाथ कोंबडा तर आपणच हौसेने विकत घेतो. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिनं असतात आणि ते मऊ करून भरवायला सोपं. २०१५ मध्ये आलिराजपूर, मंडला आणि होशंगाबादच्या अंगणवाड्यांत अंडी द्यायचा प्रस्ताव राज्य सरकारने फेटाळला, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. खाणाऱ्या मुलाच्या ताटात काय असावं, ते न खाणाऱ्यांनी ठरवलं. तुम्ही तसं करू नका. पाळणाघर मंदिराच्या आवारात नसेल, साइटवर असेल. ज्या आईला चालतं तिच्या मुलाला अंडं मिळू द्या, ज्यांना नको त्यांना दूध-शेंगदाणे द्या.

तुमच्यापैकी काही जण स्वतः बांधकाम व्यवसायात आहात, काही वास्तुविशारद, काही कंत्राटदार. तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत १९९६ चा बांधकाम कामगार कायदा लागू होता. त्याच्या ३५ व्या कलमात पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली सांगितली होती. प्रत्यक्षात मजूर पाच-सहा ठेकेदारांत वाटलेले असत, त्यामुळे कुणाच्याच हजेरीपटावर पन्नास बायका दिसत नसत. मुलं मात्र सगळी एकाच पत्र्याच्या आड वाळूत खेळत असतात. नियमाच्या फटीतून निसटायचं की एक खोली बांधून द्यायची, हे तुमच्या हातात आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर भरला जातो, तो शेवटी फ्लॅट घेणाऱ्या आपल्यासारख्यांच्याच खिशातून जातो. त्या पैशातून कामगार कल्याण मंडळाने पाळणाघरं चालवावीत, ही मागणी तुम्ही केलीत तर तिला वजन येईल. मजूर बाईने केली तर तिला कामावरून काढतील.

आणि इथेच तुमच्या नावाचा उपयोग आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात म्हटलं होतं की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. सुपर कॉरिडॉरकडे, बायपासच्या दोन्ही अंगांना अशा किती वस्त्या असतील, त्या मोजायला हव्यात. गणपतीची वर्गणी गोळा करणारी मुलं घरोघरी जाऊन नावं लिहिण्यात तरबेज आहेत. दोन रविवार त्यांनी या वस्त्यांत जाऊन मुलांची नावं, वयं, गावं लिहावीत आणि संस्थेच्या लेटरहेडवर महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज द्यावा, पोच घ्यावी. ही मागणी वस्तीतल्या लोकांच्या सह्या-अंगठ्यांनीच करायची, तुम्ही सोबत उभं राहायचं. सरकारची जबाबदारी आपण उचलून तिला मोकळं करायचं नाही. अंगणवाडी आली तरी तीन वर्षांखालच्या मुलांना दिवसभराचं पाळणाघर लागेलच, आणि पाळणाघर उघडलं म्हणून अंगणवाडीचा हक्क संपत नाही.

२०२५ मध्ये आपण अहिल्यादेवींची त्रिशताब्दी साजरी केली. त्यांची अन्नछत्रं मुक्कामाला थांबणाऱ्या परक्या वाटसरूंसाठी होती. कोण, कुठला हे विचारायची रीत तिथे नव्हती. आज या शहरात मुक्कामाला थांबून आपली घरं बांधणारे वाटसरू हेच आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांची लेकरं आहेत.

एकाच वेळी दहा संस्थांनी दहा पाळणाघरं काढू नयेत, असं मला वाटतं. पहिल्या वर्षी दोन-तीन संस्थांनी मिळून एकच नीट चालवावं. पैशाचा हिशेब आणि मुलांच्या वजनाचा तक्ता दोन्ही सभासदांसमोर ठेवावेत. मजूर दिवाळीनंतर येतात, म्हणजे खोली आणि बाया नवरात्रापर्यंत ठरायला हव्यात. जागेसाठी बिल्डरशी बोलणं हे सगळ्यांत वेळखाऊ काम आहे, ते आधी सुरू करा. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि मला बोलवा. वजनकाटा, लांबी मोजायची फळी आणि दंडाच्या पट्ट्या मी घेऊन येईन. ज्या बाया काम करतील त्यांना पहिला महिनाभर रोज येऊन शिकवीन. त्याचा मोबदला नको.

आपली,
पोषण पुनर्वास केंद्रातील एक निवृत्त आहार प्रशिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर